सव्वादोनची गाडी, पावणेनऊची नोंद

बुधवारी सकाळी सात वाजता अण्णांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच काळजी वाटली. "तुझ्या मशीननं एक गोष्ट उघड केली बघ. काल रात्री पावणेनऊला माझी गाडी गोव्याच्या हद्दीवरच्या जंगलात होती. ड्रायव्हर म्हणतोय, मी घरात जेवायलो होतो. आता मी कुणाचं खरं मानू?"

मशीन मी आदल्या दिवशी दुपारीच बसवलं होतं. बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. गाड्यांचं वायरिंग, सेल्फ, आल्टरनेटर ही रोजची कामं, आणि इलेक्ट्रॉनिक्सची आवड असल्यामुळे सर्किटंही जुळवतो. अण्णांच्या गाडीवरचं, गाडी कुठे आहे ते कळवणारं जीपीएस मॉड्यूल, त्याचा प्रोग्राम आणि मोबाइलवर दिसणारा नकाशा, तिन्ही माझंच काम होतं. त्यामुळे पुढे जे निघालं त्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर ढकलता येण्यासारखी नव्हती, आणि ढकलायचीही नाही.

अण्णांच्या चार पिकअप आहेत. बेळगावच्या मार्केटात रात्री भाजी भरायची आणि उजाडायच्या आत म्हापसा, पणजी किंवा मडगाव गाठायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. गोव्याला लागणारी बरीचशी भाजी आपल्या भागातूनच जाते, त्यामुळे या गाड्यांना सणवार नसतो. नेहमीचा रस्ता जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी असा. दुसरा रस्ता खानापूर, रामनगर, अनमोड, मोले. अण्णांना मॉड्यूल हवं होतं ते साध्या कारणासाठी. म्हापशाचा व्यापारी पहाटे चारपासून फोन करत राहतो, अण्णा ड्रायव्हरला फोन करतात, आणि ड्रायव्हर घाटाच्या वळणावर एका हाताने स्टिअरिंग धरून फोन उचलतो. ते बंद व्हावं एवढीच इच्छा होती. ड्रायव्हरवर पाळत ठेवायची, हा विचार त्यांच्या मनात नव्हता. हे मी आवर्जून लिहितो, कारण नकाशावर एक ठिपका दिसला की माणसाची नजर कशी बदलते ते मी त्या आठवड्यात जवळून पाहिलं.

ड्रायव्हर अकरा वर्षं त्यांच्याकडे आहे. गोव्याकडून येणाऱ्या गाडीबद्दल आपल्याकडे पहिला संशय दारूचा येतो. नाक्यावर सापडली तर गाडी जप्त, मालकावर केस, आणि सगळ्या गावात नाव. अण्णांनी तो शब्द उच्चारला नाही, पण त्यांच्या डोक्यात तोच होता आणि ड्रायव्हरलाही ते कळलं होतं.

आधी हे यंत्र काय करतं ते सांगतो, कारण बहुतेकांची समजूत उलटी असते. उपग्रह गाडीकडे बघत नाही. त्याला आपली गाडी माहीतच नसते. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि फक्त स्वतःची वेळ आणि स्वतःची जागा सतत सांगत राहतात. तो संकेत खाली यायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. गाडीतला रिसीव्हर निदान चार उपग्रहांचे संकेत पकडतो, कुणाचा किती उशिरा आला त्यावरून अंतरं काढतो आणि स्वतःची जागा ठरवतो. तीन अंतरांवर जागा निघाली असती, पण रिसीव्हरचं स्वतःचं घड्याळ स्वस्तातलं असतं. वेळेत एक मायक्रोसेकंद चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते, म्हणून त्या घड्याळाची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. इथे उपग्रहाचं काम संपलं. काढलेली जागा आपल्या मोबाइलपर्यंत पोचवते ती सिमवर चालणारी साधी मोडेम, टॉवरमार्गे. म्हणजे गाडीला आपली जागा माहीत असू शकते आणि तरी ती आपल्याला सांगू शकत नाही.

जोडणी अशी होती. जीपीएस रिसीव्हर दर सेकंदाला एक ओळ देतो. एक छोटा कंट्रोलर ती ओळ वाचतो. टूजी मोडेम दर दहा सेकंदांनी ती सर्व्हरला पाठवते. गाडीची १२ व्होल्ट बॅटरी, मध्ये २ अँपिअरचा फ्यूज, मग व्होल्टेज उतरवणारं सर्किट. फ्यूज बॅटरीच्या टोकापाशीच घातला, कारण वायर घासून बॉडीला लागली तर आग तिथूनच सुरू होते. इग्निशनची वायर वेगळी घेतली, म्हणजे चावी चालू आहे की बंद हेही कळतं. अँटेना डॅशबोर्डवर, काचेखाली, तोंड आकाशाकडे. प्लास्टिक आणि काच चालते, पत्रा चालत नाही.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. प्रवासी वाहनांसाठी हे असलं घरगुती काम चालत नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंद होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षा आणि दुचाकी सोडून, एआयएस १४० या मानकाचं मान्यताप्राप्त उपकरण आणि संकटात दाबायचं बटण लागतं. वडापवाल्यांनी, म्हणजे शेअर जीप चालवणाऱ्यांनी, माझ्याकडे येऊन पैसे वाचवायचा विचार करू नये. पण ते मानक वाचण्यासारखं आहे. गाडीची वीज तुटली तरी आतल्या बॅटरीवर चार तास चालावं, नेटवर्क नसेल तर निदान ४०,००० नोंदी साठवून ठेवाव्यात, असं त्यात सांगितलंय. मी ते आधी वाचायला हवं होतं.

आता त्या बुधवारकडे येतो.

मी अण्णांच्या घरी गेलो तेव्हा ड्रायव्हर बाहेर कट्ट्यावर बसला होता. नमस्कार केला नाही, मान खाली. आत अण्णांनी मोबाइल दाखवला. मंगळवार रात्री ८.४५ ची नोंद, ठिपका बेळगावपासून नैर्ऋत्येला चाळीसेक किलोमीटरवर, गर्द हिरव्या भागात. पुढचे ठिपके मोलेच्या बाजूला सरकत गेलेले आणि मग एकदम बंद. चोर्ल्याच्या रस्त्यावर एकही ठिपका नाही. बघणाऱ्याला एकच अर्थ लागेल: संध्याकाळी कुणाला न सांगता गाडी काढली, अनमोडच्या बाजूने गेला, काहीतरी केलं, आणि मध्येच मशीनची वायर उपसली.

मी विचारलं, "अण्णा, चावी कुठं असते?"

"इथंच, खिळ्याला. मी स्वतः बारा वाजता देतो."

"काल?"

"काल पण." मग थोडं थांबून म्हणाले, "डुप्लिकेट केली असंल."

मला हे वाक्य लागलं. अकरा वर्षांचा माणूस एका दिवसात डुप्लिकेट चावीवाला झाला होता, आणि तो माझ्या ठिपक्यामुळे.

वर्कशॉपला येऊन मी सर्व्हरवरच्या कच्च्या ओळी काढल्या. जीपीआरएमसी नावाची ही ओळ असते. तिच्यात वेळ, नोंद ग्राह्य आहे की नाही त्याचं अक्षर, अक्षांश, रेखांश, वेग आणि तारीख, सगळं स्वल्पविरामांनी तोडलेलं असतं. वेळेच्या जागी होतं २०४५१२. म्हणजे २० वाजून ४५ मिनिटं १२ सेकंद. पण ही वेळ आपली नव्हे. उपग्रहांवरून येणारी वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपली घड्याळं तिच्यापुढे साडेपाच तास. २०.४५ मध्ये साडेपाच तास मिळवले की २६.१५, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे २.१५. मी साडेपाच तास मिळवलेच नव्हते. बुधवारी पहाटे सव्वादोनची नोंद मंगळवारी रात्री पावणेनऊची म्हणून दिसत होती, तारखेसकट. दिवसा चालणाऱ्या गाडीची वेळ चुकली असती, पण तारीख बहुधा बदलली नसती. रात्री धावणाऱ्या गाडीचा दिवसच बदलला.

मी तडक अण्णांना फोन केला. ड्रायव्हर खरं बोलतोय, पावणेनऊला गाडी हललीच नव्हती, ती सव्वादोनची नोंद आहे. माझी चूक. पलीकडे बराच वेळ शांतता.

मग अण्णा म्हणाले, "सव्वादोनला मी स्वतः मार्केटात होतो रे. वांग्याच्या पोत्या मोजून घेत होतो. गाडी माझ्यासमोर होती. मग ती जंगलात कशी?"

खरं सांगायचं तर इथे मी चुकीच्या वाटेला लागलो आणि दीड दिवस घालवला. वेळेची चूक सापडल्यावर प्रोग्राम आता बरोबर आहे असं मी धरून चाललो आणि अँटेनाच्या मागे लागलो. मार्केटात लोखंडी शेड असतात, पत्र्यावरून आपटून आलेला संकेत जागा हलवतो, हे वाचलेलं होतं. अँटेना इकडची तिकडे केली, वायर बदलली. पण आपटलेल्या संकेतानं गाडी पन्नास-शंभर मीटर हलेल, चाळीस किलोमीटर हलणार नाही. हा साधा हिशेब मी तेव्हा केला नाही.

गुरुवारी संध्याकाळी गाडी घेऊन खानापूरपर्यंत जाऊन आलो. ड्रायव्हरलाच बरोबर घेतलं. तो फारसं बोलत नव्हता. निघताना त्याने सवयीने मीटरचा आकडा डायरीत लिहिला, पोचल्यावर पुन्हा लिहिला. "पंचवीस झालं," म्हणाला. मी लॅपटॉपवर मॉड्यूलच्या नोंदींवरून अंतर काढलं, तर १४.८. पुन्हा काढलं, तेवढंच. परत येताना पुन्हा पंचवीस आणि पुन्हा पंधराच्या आत.

पंचवीसला पंधरा म्हणजे शंभराला साठ. गाडी वर्कशॉपच्या दारात उभी करून मी तसाच बसून राहिलो. साठ आणि शंभर कुठे एकत्र येतात? अंशाची मिनिटं साठ असतात.

रिसीव्हरच्या ओळीत अक्षांश १५५१.२३४० असा येतो. याचा अर्थ १५ अंश आणि ५१.२३४० मिनिटं. तो नकाशावर टाकण्यासाठी दशांश अंशात बदलायचा तर ५१.२३४० ला ६० ने भागायचं, येतं ०.८५३९, म्हणजे १५.८५३९. हे बेळगाव शहर. मी मात्र सगळ्या आकड्याला सरळ १०० ने भागलं होतं: १५.५१२३. दिसायला अगदी अक्षांशासारखाच आकडा, आणि पडतो गोव्याच्या हद्दीवर. रेखांशातही तेच, ७४ अंश ३० मिनिटांचा ७४.५० व्हायच्या ऐवजी ७४.३० झाला. दक्षिणेला सुमारे ३८ किलोमीटर आणि पश्चिमेला २१. दोन्ही मिळून ते जंगल.

या चुकीत घातक काय आहे ते नीट समजून घ्यायला हवं. आकडा वेडावाकडा आला असता तर कुणी विश्वास ठेवला नसता. इथे मात्र ठिपके गाडीबरोबर हलत होते, वळत होते, थांबत होते. रस्त्याचा आकार तोच, फक्त साठ टक्क्यांवर आखडलेला आणि दुसऱ्या जागी नेऊन ठेवलेला. आणि ती दुसरी जागा नेमकी अशी, की गोव्याला जाणारी गाडी तिथे असू शकते. कलबुर्गीकडे हीच चूक झाली असती तर ठिपका शेजारच्या तालुक्यातल्या तुरीच्या शेतात पडला असता आणि गोष्ट कुणाच्या चारित्र्यावर गेली नसती.

म्हापशाच्या बाबतीत हिशेब करून पाहिला तेव्हा मी आणखी हळहळलो. म्हापसा १५ अंश ३५ मिनिटांवर आणि ७३ अंश ४८ मिनिटांच्या आसपास. माझ्या भागाकाराने ती जागा येते १५.३५ आणि ७३.४८, म्हणजे किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटर आत अरबी समुद्रात. त्या रात्री म्हापशापर्यंतची नोंद आली असती तर अण्णांनी सकाळी सातला वेगळाच फोन केला असता, "अरे, गाडी समुद्रात दिसतेय." ड्रायव्हरवर कुणी बोट ठेवलं नसतं. पण नोंद जांबोटीच्या पुढे बंद पडली होती, आणि ती का बंद पडली हा वेगळाच दोष होता. एका दोषाने दुसऱ्याला झाकून टाकलं.

दोष दुरुस्त करणं एका ओळीचं काम. पण आता मला स्वतःच्याच कामावर विश्वास उरला नव्हता, म्हणून शुक्रवारी तपासणीला निघालो. किल्ल्याच्या दारासमोर गाडी उभी करून मोबाइलच्या नकाशावरचा आकडा आणि मॉड्यूलचा आकडा शेजारी लिहिला. मग हायवेने उत्तरेला काकती ओलांडून वंटमुरीकडे गेलो, कारण त्या टप्प्यात १६ अक्षांश ओलांडला जातो. भागाकार चुकीचा असेल तर तिथे १५.५९ नंतर एकदम १६.०० येतं आणि गाडी नकाशावर ४५ किलोमीटरची उडी मारते. ठिपके शांतपणे ओळीने गेले. वेगाचा आकडाही तपासला. तो ओळीत नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलात असतो, १.८५२ ने गुणल्याशिवाय किलोमीटर होत नाही. तो गुणाकार मात्र मी केलेला होता. आणि ओळीतलं ग्राह्यतेचं अक्षर: 'ए' असेल तर घ्यायची, 'व्ही' असेल तर टाकून द्यायची. मी दोन्ही घेत होतो. पत्र्याच्या शेडमधून निघणाऱ्या गाडीच्या पहिल्या काही नोंदी 'व्ही' असतात, त्या आता नकाशावर जात नाहीत.

राहिला घाट. त्यात दोन भानगडी होत्या.

पहिली विजेची. टूजी मोडेम सतत बोलत नाही, ठोके मारल्यासारखी बोलते: दर ४.६ मिलिसेकंदांनी अर्ध्या मिलिसेकंदापुरती. टॉवर जवळ असेल तर हळू आवाजात, लांब असेल तर पूर्ण ताकदीने, आणि त्या क्षणी ती २ अँपिअरपर्यंत ओढते. मल्टिमीटरवर काहीच कळत नव्हतं, ४ व्होल्ट स्थिर. शेजारच्या वर्कशॉपमधून ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र, मागून आणला आणि अँटेना काढून मोडेमला मुद्दाम कमकुवत संकेतावर ठेवलं. पडद्यावर सरळ रेघेत दातरी उमटली. प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज ३.२ पर्यंत खाली, आणि मोडेमला निदान ३.४ लागतं. शहरात टॉवर पावलापावलाला, म्हणून तिथे कधी बंद पडली नाही. जांबोटीच्या पुढे जंगल सुरू झालं की आवाज वाढवायची आणि स्वतःच्याच आवाजाने बेशुद्ध पडायची. वायर जाड आणि आखूड केली, मोडेमच्या पायाशी क्षणापुरती वीज साठवून देणारा २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला. दातरी जवळपास सपाट झाली.

दुसरी भानगड आपल्या सीमाभागाची. मोडेमला विचारलं की नेटवर्क मिळालं का, तर ती आकड्यात उत्तर देते. १ म्हणजे घरचं नेटवर्क, ५ म्हणजे रोमिंग. माझा प्रोग्राम फक्त १ आला तरच नोंद पाठवायचा. टेलिफोनच्या हिशेबात गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये येतो आणि बेळगाव कर्नाटकच्या. घाट उतरायला लागलं की मोडेम ५ म्हणणार, आणि माझा प्रोग्राम नेटवर्क नाही असं समजून गप्प बसणार. निपाणीहून कागलला जाणाऱ्या गाडीचंही हेच होईल, फक्त दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात. मधल्या एखाद्या जिल्ह्यात मॉड्यूल बनवणाऱ्याच्या हे वर्षानुवर्षं ध्यानात येणार नाही. आपली माणसं मात्र दिवसातून दोनदा हद्द ओलांडतात. आता १ आणि ५ दोन्ही चालतात, सिमला रोमिंगचा डेटा सुरू केला, आणि नेटवर्क नसताना नोंदी मेमरी कार्डावर साठतात आणि टॉवर मिळाला की मागून जातात. प्रत्येक नोंदीबरोबर यंत्र कितव्यांदा सुरू झालं तो आकडाही जातो. तो मध्येच वाढला तर वीज गेली होती, वायर कुणी उपसली असं लगेच मानायचं नाही.

शनिवारी पहाटे गाडी पुन्हा गेली. जांबोटी, कणकुंबी, घाटात वीसेक मिनिटांची पोकळी, मग साखळीजवळ साठलेले ठिपके एकदम ओळीने आले आणि ४.५० ला गाडी म्हापशाच्या मार्केटात उभी राहिली. नकाशावर आणि खरोखर.

त्याच दिवशी संध्याकाळी अण्णांनी ड्रायव्हरला घरी बोलावलं, मलाही. मी आधी बोललो. वेळेची चूक माझी, जागेची चूक माझी, दोन्हींचे कागद दाखवले. अण्णा मध्येच म्हणाले, "कागद राहू दे." मग त्याच्याकडे बघून, "माझं चुकलं. मी विचारायला पाहिजे होतं, तसा बोललो नाही." ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, तुम्ही बोललासा त्याचं नाही. पोरगी दारात उभी होती, तिनं ऐकलं." यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. अण्णा दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन आले.

बाकीच्या तीन गाड्यांवर मॉड्यूल बसवण्याआधी अण्णांनी अट घातली: प्रत्येक गाडी आधी किल्ल्याच्या दारात उभी करायची आणि त्या गाडीच्या ड्रायव्हरने स्वतः आकडे ताडून बघायचे. पहिल्या खेपेला आमचा हाच ड्रायव्हर आला. मोबाइल डोळ्यांजवळ धरून त्याने सावकाश एकेक आकडा वाचला, मी मॉड्यूलचा वाचला. चौथ्या दशांशात एकाचा फरक होता. "हे किती?" त्याने विचारलं. अकरा मीटर, मी म्हणालो. तो गाडीपासून दरवाजाच्या दिशेने पावलं मोजत गेला, पंधराव्या पावलावर थांबला, मागे वळून गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "एवढं चालंल."